इंग्रजी ग्रंथांतील पूर्वनिर्देशाच्या खुणा व त्यांचा उलगडा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका संग्राहक मित्रांनीं टांचणांची एक पेटी आमच्यापुढें आणून ठेविली. मराठ्यांच्या इतिहासावरील जुने इंग्रजी ग्रंथ घेऊन, त्यांच्या तळटीपांत ज्या ज्या हस्तलिखिताचा उल्लेख येईल तो तो एका स्वतंत्र चिठ्ठीवर उतरून घेण्याचा उद्योग त्यांनीं कित्येक वर्षें चालविला होता. हेतु स्तुत्य होता. ह्या उल्लेखांच्या मागानें जाऊन मूळ कागद आज कोणाच्या संग्रहीं आहेत ह्याचा त्यांस शोध लावावयाचा होता. परंतु एके दिवशीं पेटी हातांतून निसटली, चिठ्ठ्या खालींवर झाल्या, आणि पाहतात तों चाळीस चिठ्ठ्यांवर ग्रंथाचें नांवच नाहीं, केवळ ‘इबिड.’ हें अक्षर व त्यापुढें पानाचा आंकडा. हे चाळीस उल्लेख आतां कशाचे समजावे, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचें उत्तर शोधतां शोधतां जें कांहीं हातीं लागलें तें येथें सादर करीत आहों. संग्राहकांपैकीं पुष्कळांस इंग्रजी उत्तम येतें. तथापि ह्या खुणांचें इंग्रजीहि त्यांना कोणी शिकविलेलें नसतें, असा आमचा शाळेंतील अनुभव आहे.

प्रथम शब्द पाहूं. ह्या खुणा इंग्रजी नसून लॅटिन आहेत. युरोपांत विद्वानांची सामायिक भाषा लॅटिन होती तेव्हांपासून त्या चालत आलेल्या आहेत. आमच्याकडे मराठी टीकाकारहि ‘तदुक्तम्’, ‘इति केचित्’ असे संस्कृत तुकडे वापरीत, तशांतलाच हा प्रकार. ‘इबिड.’ हा ‘इबिडेम’ ह्या अव्ययाचा संक्षेप होय. ‘इबि’ म्हणजे तत्र, आणि ‘डेम’ हा निश्चय दाखविणारा प्रत्यय. म्हणजे अक्षरशः ‘तत्रैव’. त्याच प्रत्ययाचा दुसरा शब्द ‘इडेम’, म्हणजे ‘स एव’, तोच ग्रंथकार. ग्रंथकर्ती स्त्री असल्यास काटेकोर लेखक ‘एआडेम’, म्हणजे ‘सैव’, असें लिहितात. ‘ऑप. सिट.’ म्हणजे ‘ओपेरे सिटाटो’, उद्धृत ग्रंथांत, ‘लॉक. सिट.’ म्हणजे ‘लोको सिटाटो’, उद्धृत स्थळीं. आमच्या सप्तमीचें काम येथें लॅटिनची पंचमी करिते, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे संस्कृत जाणणारास ह्यांत अवघड असें कांहीं उरत नाहीं.

शब्दार्थ सोपा आहे. घोटाळा आहे तो ‘तत्र’ म्हणजे कोठें, ह्यांत. ‘इबिड.’चा संबंध फक्त लगतच्या आधींच्या निर्देशाशीं असतो, दोन टीपा मागच्याशीं नव्हे. समजा, एका ग्रंथाच्या पहिल्या टीपेंत ‘डफ, खंड १, पृ. १२०’ असें आहे. दुसऱ्या टीपेंत नुसतें ‘इबिड.’ असल्यास तोच ग्रंथ, तोच खंड व तेंच पान समजावें. तिसऱ्या टीपेंत ‘इबिड., पृ. १३१’ असल्यास ग्रंथ व खंड तोच, पान मात्र निराळें. चौथ्या टीपेंत ऑर्मचा आधार आला कीं साखळी तुटली. पांचव्या टीपेंत डफकडे परत जावयाचें तर ‘इबिड.’ चालत नाहीं. तेथें ‘डफ, ऑप. सिट., पृ. १४०’ असें नांवासह लिहावें लागतें. त्याच पानाकडे परत जावयाचें असेल तर ‘डफ, लॉक. सिट.’, आणि त्यापुढें आंकडा देत नाहींत, कारण स्थळ तेंच आहे. (हे आंकडे आम्हीं उदाहरणापुरते घेतले आहेत, ते ग्रंथांत शोधूं नयेत.) पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्ति ज्यांनीं घोकली आहे त्यांस हें ओळखीचें वाटेल. मागील सूत्रांतील पद पुढें चालत येतें, तसा मागील टीपेंतील ग्रंथ पुढें चालत येतो. भेद इतकाच कीं, अनुवृत्तीस बेडकाप्रमाणें मधलीं सूत्रें ओलांडून उडी मारण्याची मुभा वैयाकरणांनीं दिली आहे, ‘इबिड.’ला ती मुळींच नाहीं.

आणि नेमकें येथेंच आम्ही स्वतः एकदां फसलों. तरुणपणीं एका इंग्रजी ग्रंथांतून एका बखरीच्या प्रतीचा उल्लेख आम्हीं टिपून घेतला. उल्लेख ‘इबिड.’नें होता व त्या आधींच्या टीपेंत अर्धविरामानें तोडलेले दोन आधार होते. आम्हीं पहिला आधार धरला. त्या भरंवशावर एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं दुसऱ्या गांवीं एक पोथी पाहण्यास धाडलें. ते बिचारे दोन दिवस मोडून व पदरचें भाडें खर्चून गेले. पोथी निघाली, परंतु तींत त्या प्रसंगाचा मागमूसहि नव्हता. वस्तुतः ग्रंथकारास दुसरा आधार अभिप्रेत होता. दोन आधार असलेल्या टीपेनंतर ‘इबिड.’ लिहूं नये असा नियम आहे, तेव्हां दोष त्या ग्रंथकाराकडेहि जातो. पण नियम मोडलेला ओळखून थांबणें हें आमचें काम होतें, तें आम्हीं केलें नाहीं. त्या गृहस्थांनीं आम्हांस एका शब्दानेंहि बोल लाविला नाहीं, ही गोष्ट आम्हांस आजहि बोचते.

याच्या उलट टोंकाचा प्रमादहि आम्हीं पाहिला आहे. एका हस्तलिखित सूचींत ‘इ’ ह्या अक्षराखालीं ‘इबिड’ नांवाचा ग्रंथकार मोठ्या सन्मानानें नोंदलेला होता, व त्याच्या नांवावर एकंदर सतरा ग्रंथ जमा होते!

‘ऑप. सिट.’ची खोड निराळी. ती दूरवर पोंचते, हाच तिचा गुण व हाच तिचा दोष. पृ. ३०० वरील ‘ऑप. सिट.’चा ग्रंथ पृ. १२ वर सांगितलेला असूं शकतो. वाचकानें मधल्या सर्व टीपा उलथून पाहाव्या. एकाच ग्रंथकाराचे दोन ग्रंथ पूर्वीं येऊन गेले असतील तर ती अगदींच मुकी होते. ‘सुप्रा’ (वर) व ‘इन्फ्रा’ (खालीं) ह्या खुणा टीपेचा किंवा पानाचा आंकडा जवळ असेल तरच उपयोगी. ‘पास्सिम’ म्हणजे ग्रंथांत ठिकठिकाणीं. आमच्या मतें ही खूण पुष्कळदां आळसाची असते. ‘सीएफ.’ म्हणजे ‘कॉन्फर’, ताडून पाहा. त्या ठिकाणीं लेखकाच्या विधानास पुष्टीच मिळेल असें नाहीं, कित्येक वेळां विरोधहि सांपडतो. नुसतें ‘पाहा’ ह्या अर्थीं ती वापरणारे बरेच आहेत, म्हणून सांभाळून असावें.

हस्तलिखितें शोधणारानें दोन खुणांवर विशेष नजर ठेवावी. पहिली ‘एफ.’ ही होय. ती आंकड्याच्या आधीं आली, ‘एफ. २३’, तर अर्थ पत्र २३. आंकड्याच्या नंतर आली, ‘२३ एफ.’, तर अर्थ पृष्ठ २३ व त्यापुढील एक. तीच खूण दुहेरी, ‘एफएफ.’, आधीं असतां अनेक पत्रें दाखविते, नंतर असतां पुढील अनेक पृष्ठें. ज्या आंकड्यास ‘आर’ अथवा ‘व्ही’ जोडलेला असेल तो निःसंशय पत्राचा, कारण ‘रेक्टो’ म्हणजे पत्राची पुढची बाजू व ‘व्हर्सो’ म्हणजे मागची. आमच्या सूचींत ह्यांसच ‘अ’ व ‘ब’ म्हणतात. त्यांतहि एक मेख आहे. लेखकूनें पोथीवर स्वतः घातलेला पत्रांक वेगळा, आणि ग्रंथालयांत शिसपेन्सिलीनें मागाहून घातलेला वेगळा, असें पुष्कळदां होतें. पोथीचीं मधलीं पत्रें गहाळ असल्यास हे दोन आंकडे जुळणें शक्यच नाहीं. इंग्रजी ग्रंथकार सामान्यतः ग्रंथालयाचा आंकडा देतो, व आमचा मनुष्य पोथींतला शोधीत बसतो.

दुसरी खूण ‘आपुड’ ही होय. हिचा अर्थ ‘अमक्याच्या ग्रंथांत’. ‘अ, आपुड ब’ असें असेल तर लेखकानें ‘अ’ हा मूळ कागद पाहिलेला नाहीं. ‘ब’नें त्यांतून जें दिलें आहे तेवढेंच पाहिलें आहे. आजकालच्या इंग्रजींत ह्याच अर्थीं ‘क्वोटेड इन’ किंवा ‘साइटेड इन’ असें लिहितात. ही खूण लिहिण्यास मनाचा प्रामाणिकपणा लागतो, आणि म्हणूनच ती जितकी दिसावी तितकी दिसत नाहीं. आमच्या मित्रांच्या पेटींत तीन चिठ्ठ्या अशा निघाल्या कीं, टांचण करतांना त्यांनीं ‘आपुड’ व पुढील नांव अनावश्यक समजून गाळलें होतें. त्यामुळें एरवीं तिसऱ्याच्या तोंडून ऐकलेली गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा होऊन बसली होती.

येथवर टीपांचें झालें. ग्रंथाच्या मुख्य मजकुरांतहि पूर्वनिर्देश येतो, विशेषतः कायद्याच्या इंग्रजींत: ‘द सेड’, ‘अफोरसेड’, म्हणजे उपर्युक्त. आणि ‘मजकूर’ हा शब्द आम्हीं आतांच वापरला तोहि त्याच कुळांतला, हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. अरबींत त्याचा मूळ अर्थ ‘ज्याचा उल्लेख झाला तो’ असा आहे. ‘मौजे मजकूर’, ‘साल मजकूर’ ह्यांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे. ‘सदरहू’ म्हणजे वर लिहिलेला. ‘मशारनिल्हे’ म्हणजे ज्याच्याकडे निर्देश केला तो गृहस्थ. आणि तक्त्यांतील ‘ऐजन’ म्हणजे तेंच पुन्हां. आमच्या दप्तरांतील कारकुनास ‘इबिड.’ शिकविण्याची गरज नव्हती. त्याच्यापाशीं चार ‘इबिड.’ होते. आणि त्यांचा धोकाहि आपण जाणतों. वरचा बंद फाटून गेलेला महजर हातीं येतो. त्यांत सीमा आहेत, साक्षी आहेत, शिक्के आहेत, आणि गांवाच्या जागीं सर्वत्र ‘मौजे मजकूर’! असा कागद ज्यानें हातीं धरला असेल त्यास, ग्रंथापासून तुटलेली ‘इबिड.’ची चिठ्ठी म्हणजे काय, हें अधिक सांगावयास नको.

टीपा पानाच्या तळाशीं असाव्या हा आग्रह इंग्रजींत कसा रूढ झाला ह्याची एक मौजेची हकीकत आहे. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ सालीं निघाला त्यावेळीं त्याच्या टीपा खंडाच्या शेवटीं एकत्र छापल्या होत्या. डेव्हिड ह्यूमनें त्याच वर्षीं मृत्यूपूर्वीं कांहीं महिने प्रकाशक स्ट्रॅहन ह्यांस लिहून कळविलें कीं, वाचकानें टीपेसाठीं खंडाचा शेवट गांठावा आणि तेथें बहुधा एखाद्या ग्रंथाच्या नांवापलीकडे कांहीं मिळूं नये, हें त्रासाचें आहे. आधार समासांत किंवा पानाच्या तळाशीं छापावे. नंतरच्या आवृत्तींत तसें झालें. तळाशीं जागा थोडी, खिळे एकेक करून जुळवावयाचे. अशा स्थितींत लांबलचक नांवें पुनःपुन्हां न छापतां पांचसहा अक्षरांत काम उरकणारी खूण सर्वांस सोयीची होती. वाचकाच्या डोळ्यांपुढें मागील टीप त्याच पानावर असे, तोंवर तींत अडचणहि नव्हती.

ती सोय आतां बरीच ओसरली आहे. लेखक मसुद्यांत मध्येंच एक नवी टीप घुसवितो. यंत्र टीपांचे आंकडे आपोआप बदलतें, परंतु ‘इबिड.’ कोणाकडे बोट दाखविते हें त्यास कळत नाहीं, आणि डफचें पान ऑर्मच्या गळ्यांत पडतें. अमेरिकेंतील ‘शिकागो मॅन्युअल’ हा लेखननियमांचा ग्रंथ १९०६ पासून प्रसिद्ध होत आहे. त्याच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनें ‘इबिड.’ टाळून ग्रंथकाराचें आडनांव व ग्रंथाचें संक्षिप्त नांव देणें पसंत केलें. ‘ऑप. सिट.’ व ‘लॉक. सिट.’ यांस तर त्या ग्रंथांत थाराच नाहीं. ऑक्सफर्डच्या कायदेविषयक नियमावलीच्या २०१२ च्या चौथ्या आवृत्तींत ‘इबिड’ ठेविली, पण दूरच्या निर्देशासाठीं ‘टीप क्रमांक अमुक’ असें लिहावयास सांगून ‘सुप्रा’ व ‘ऑप. सिट.’ वगळल्या. उलटपक्षीं आपल्या देशांतील न्यायालयांच्या निकालपत्रांत खटल्याच्या नांवापुढें कंसांतला ‘सुप्रा’ आजहि सुखानें नांदत आहे. अमेरिकन वकील ‘इबिड.’च्या जागीं ‘इड.’ लिहितात, म्हणजे ‘तोच ग्रंथकार’ हा अर्थ तेथें लागू पडत नाहीं, हेंहि जातां जातां नमूद करितों. आमचें मत विचाराल तर संक्षिप्त नांवाची पद्धति संग्राहकास सर्वांत हितकर आहे. मात्र जुने ग्रंथ कांहीं पुन्हां लिहिले जाणार नाहींत, म्हणून जुन्या खुणा वाचतां आल्याच पाहिजेत.

आतां खुणा उलगडून मूळ ग्रंथाच्या पूर्ण निर्देशापर्यंत पोंचलों तरी काम संपलें असें नाहीं. जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं लंडनास तीन खंडांत प्रसिद्ध झाला; १९२१ सालीं एडवर्ड्स ह्यांनीं काढलेली त्याची आवृत्ति दोन खंडांत आहे. तेव्हां ‘डफ, खंड २, पृ. अमुक’ ह्या निर्देशास आवृत्तीच्या सालावांचून कांहीं किंमत नाहीं. शिवाय डफच्या स्वतःच्या तळटीपांत आधार म्हणून वारंवार ‘मराठा हस्तलिखितें’ एवढेंच येतें. कोणतें, कोणाचें, किती पत्रांचें, याचा पत्ता नाहीं. त्याच्या ज्या थोड्या टीपांत मूळ कागदाची नक्कल मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविली असल्याचें सांगितलें आहे, त्यांपैकीं एकेक अशा दहा टीपांच्या बरोबरीची आम्ही मानतों. कारण तेथें शोधास निदान एक दार तरी आहे. पण तें दारहि ओळखतां आलें पाहिजे. १८०४ सालीं स्थापन झालेली ती सोसायटी पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, आणि तीच हल्लींची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई होय. तसेंच जुन्या ग्रंथांत ‘ब्रिटिश म्यूझियम’ म्हणून नोंदलेलीं हस्तलिखितें १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररींत आहेत, आणि इंडिया ऑफिसचा संग्रहहि, ऑर्मच्या कागदांसह, १९८२ पासून तेथेंच आहे. घराचें नांव बदललें तरी हस्तलिखिताचा संग्रहक्रमांक बहुधा बदलत नाहीं. म्हणून टांचणांत कांहीं गाळावयाचेंच झालें तर घराचें नांव गाळावें, क्रमांक गाळूं नये.

क्रमांकाचें हें महत्त्व फार जुनें आहे. प्लेटोचा उल्लेख इंग्रज ग्रंथकार आजहि आपल्या हातांतील पुस्तकाच्या पानानें करीत नाहीं; आंरी एस्तिएन ह्या मुद्रकानें १५७८ सालीं छापलेल्या प्रतीचें पान व त्यावरील अक्षरखूण देतो, व ती प्रत्येक चांगल्या आवृत्तीच्या समासांत छापलेली असते. त्याचाच बाप रोबेर ह्यानें १५५१ सालीं ख्रिस्ती नव्या कराराच्या वाक्यांस आंकडे घातले. आमच्या अध्याय-श्लोकांस तर ह्याहून पुष्कळ अधिक वय आहे. इतिहासाच्या कागदांस ही शिस्त राजवाड्यांनीं लाविली. १८९८ सालापासून निघूं लागलेल्या त्यांच्या साधनांच्या खंडांत प्रत्येक पत्रास लेखांक आहे. सरदेसायांच्या नेतृत्वाखालीं १९३० ते १९३४ ह्या काळांत प्रसिद्ध झालेल्या पेशवे दप्तराच्या ४५ भागांतहि पत्रें क्रमांकितच आहेत. इंग्रजी ग्रंथांत ह्यांचा आधार पानानें न देतां भाग व पत्रक्रमांक यांनीं दिलेला असेल तर तो लेखक जाणता समजावा.

आमच्या मित्रांच्या पेटीकडे परत येतों. आम्ही दोघांनीं मिळून मूळ ग्रंथ पुन्हां काढले आणि प्रत्येक ‘इबिड.’पासून एकेक टीप मागें चालत गेलों. नियम एवढाच ठेविला कीं, पूर्ण नांव लागल्याखेरीज थांबावयाचें नाहीं, आणि मध्यें दोन आधारांची टीप आली तर दोन्ही नांवें प्रश्नचिन्हासह लिहावयाचीं. दर चिठ्ठीवर ग्रंथकार, ग्रंथ, आवृत्तीचें साल, पान, टीपेचा आंकडा, आणि ज्या हस्तलिखिताचा उल्लेख त्याचा संग्रहक्रमांक मिळाल्यास तो, असें सर्व पूर्ण लिहिलें. ज्या दिवशीं टीप पाहिली त्या दिवसाची तारीखहि मित्रांच्या आग्रहावरून घातली. तेव्हां आम्हांस ती फाजील वाटली होती, आतां वाटत नाहीं. एकतीस चिठ्ठ्या लागल्या. सहा चिठ्ठ्यांवर दोन दोन नांवें प्रश्नचिन्हांत आहेत. मूळ पोथ्या पाहिल्यावर त्यांतील एक एक खोडावें लागेल. उरलेल्या तीन कोणत्या ग्रंथांतल्या हें मित्रांस आठवेना. त्या आम्हीं फाडूं दिल्या नाहींत. एका वेगळ्या लखोट्यांत घालून वर ‘मौजे मजकूर’ असें लिहून ठेविल्या आहेत.